स्वयंपाकघरातला नळ बदलायचाय: पितळी, स्टील की पीटीएमटी? (नाशिक)

कळशी | शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, इमारत २००३ सालची. आमच्यावर थेट गच्ची आणि गच्चीवर टाकी. सिंकवर भिंतीतून बाहेर आलेला, उंच मानेचा, डावीउजवीकडे फिरणारा नळ आहे. बिल्डरने बसवलेला मूळ नळ पंधरा वर्षं चालला. त्यानंतरच्या सहा वर्षांत आता तिसरा नळ आणायची वेळ आलीय. दोन्ही वेळा प्लंबर म्हणाला, "मी येताना घेऊन येतो," आणि साडेतीनशे-चारशेचा नळ बसवून गेला. पहिला दोन वर्षांत मानेतून गळायला लागला, दुसऱ्याची वरची चकाकी पापुद्र्यासारखी सुटली आणि आता तो बंदच होत नाही.

परवा रात्री साडेदहाला नळाखाली पातेलं ठेवलं आणि सकाळी सहाला मापलं. पावणेदोन लिटर पाणी भरलं होतं. नुसत्या थेंबांनी.

पाण्याइतकीच दुसरी काळजी आईची आहे. ती सत्तरीची आहे, बोटांचे सांधे दुखतात. नळ आवळायला तिला दोन्ही हात लागतात, तरी थेंब पडतोच. मग ती रात्री उठून पुन्हा आवळते. तिच्या हाताला सोपा जाईल आणि निदान दहा वर्षं टिकेल असा नळ मला हवाय. दीड हजारापर्यंत बजेट आहे, फार तर दोन. दुकानात गेलं की पितळ, स्टील, पीटीएमटी, फोम फ्लो, क्वार्टर टर्न असे शब्द कानावर पडतात, त्यातलं माझ्या कामाचं काय ते कळत नाही. ज्यांनी स्वतः बदललाय त्यांनी कृपया सांगा.

जुनी_वीट | शनिवार, सकाळी ९.४५

ताई, आधी एक सांगा, पाणी नेमकं कुठून येतंय? नळ बंद केल्यावर तोंडातून थेंब पडतो, की नळ चालू असताना मान जिथे फिरते त्या बुडातून झिरपतं? दोन्ही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. बुडातून झिरपत असेल तर आतल्या रबरी रिंगा झिजल्यात. दहा-वीस रुपयांचं काम आहे. तोंडातून थेंब येत असेल तर वॉशर नाहीतर स्पिंडल (दांडी फिरवली की आत फिरून पाणी उघडबंद करणारा भाग) गेलाय. आमच्या घरी पंचवीस वर्षांचा पितळी नळ आहे. त्याचे तीन वेळा वॉशर बदलले, एकदा सीट, म्हणजे वॉशर आत जिथे टेकतो ती कड, घासून घेतली. नळ तोच आहे.

आणि तो बिल्डरचा मूळ नळ फेकला का हो? पंधरा वर्षं चालला म्हणजे पितळी असणार.

कळशी | शनिवार, सकाळी १०.२०

आता तोंडातून थेंब येतोय. वॉशर नाहीये, पाव फेरा फिरवायचा प्रकार आहे. प्लंबरने उघडून बघितलं, म्हणाला याचा आतला भाग मिळत नाही, नळच बदला. मूळ नळ माळ्यावर आहे बहुतेक, आई काही टाकत नाही.

टर्नर_अंबड | शनिवार, दुपारी १.३०

अंबडच्या एमआयडीसीत व्हॉल्व्हचे भाग करणाऱ्या कारखान्यात मी अठरा वर्षं लेथवर काम करतोय. पितळ रोज हातात असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साडेतीनशेचा चकचकीत नळ बहुतेक वेळा पितळी नसतोच. तो जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, साच्यात दाबाने ओतलेला. वरून क्रोम चढवलं की दोन्ही सारखेच दिसतात. जस्ताची ही धातू खेळणी, दरवाज्याच्या मुठी, कव्हरं यांना ठीक आहे. पण पाणी सतत आतून लागत राहिलं की ती पोखरते, आटे भुसभुशीत होतात आणि क्रोमखाली फोड येतात. ताई, तुमच्या दुसऱ्या नळाची चकाकी पापुद्र्याने सुटली म्हणता ते याचंच लक्षण दिसतंय.

पितळ ओळखायचं कसं? लोक चुंबक घेऊन जातात. त्याचा इथे उपयोग नाही, कारण पितळ आणि जस्त दोघांनाही चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर लोखंड आहे एवढंच कळेल. त्यापेक्षा वजन बघा. एक घन सेंटिमीटर पितळ साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, जस्ताची मिश्रधातू साडेसहाच्या जरा वर. म्हणजे त्याच आकाराचा, तेवढ्याच जाडीचा पितळी नळ चौथाईने तरी जड लागतो. दुकानात दोन नळ दोन हातांत घ्या, फरक लगेच जाणवतो. दुसरी खूण आत असते. जिथे पाइपला जोडायचे आटे आहेत तिथे तोंडाशी टॉर्च धरून बघा. आत क्रोम नीट पोहोचत नाही, त्यामुळे खरी धातू दिसते. पिवळी दिसली तर पितळ, करडी दिसली तर ठेवून द्या.

आटे स्वच्छ कापलेले हवेत. बोट फिरवल्यावर कड बोचली किंवा आटा तुटक दिसला तर त्या कारखान्यात घाई आहे असं समजा. भिंतीची जाडीही तिथेच कळते. जाड भिंतीचा नळ पकड लावून आवळताना दबत नाही, पातळ नळ अंडाकृती होतो.

मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त मालिकाही असतात, तेव्हा नाव बघून डोळे मिटून घेऊ नका. नावापेक्षा बॉडी कशाची आहे हे पेटीवर लिहिलंय का ते बघा. आपल्याकडे विकला जाणारा बराचसा पितळी माल गुजरातेत जामनगरला बनतो. तिथे उत्तम मालही होतो आणि हलकाही.

अवनी_कॉलेजरोड | शनिवार, दुपारी २.०५

टॉर्चची खूण आजच वापरून बघितली. आमच्या बाथरूमचा नळ पिवळा निघाला, स्वयंपाकघरातला करडा. धन्यवाद दादा.

विहीरपाणी | शनिवार, संध्या. ६.५०

आडगावकडच्या आमच्या सोसायटीत महापालिकेच्या पाण्यासोबत बोअरचं पाणी मिसळतात. उन्हाळ्यात टँकरही येतो. काळ्या पाषाणातलं पाणी, त्यात क्षार भरपूर. तीन-चार महिन्यांत नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. पितळी नळाचं क्रोम त्या थराखाली डागाळतं आणि घासायला गेलं की चरे पडतात.

म्हणून मी स्वयंपाकघरात आणि मोरीत पीटीएमटीचे नळ लावले. हे साधं प्लास्टिक नाही, नळांसाठीच वापरतात तो कडक प्रकार आहे. गंजायचा प्रश्नच नाही आणि क्षार बसला तरी ओल्या फडक्याने निघतो. पाच वर्षं झाली, एकदाच आतला स्पिंडल बदलला. अडीचशेच्या आत नळ येतो. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ९७६३ हा क्रमांक बघून घ्या. बाजारात त्याच रंगाचं तकलादू प्लास्टिकही मिळतं आणि ते वर्षभरात पिवळं पडून तडकतं.

उणीवही सांगतो. उंच मानेचा घेतला तर मान थोडी हलते, पितळीसारखी ताठ राहत नाही. जड कळशी दणकन आपटली तर आट्यापाशी मोडू शकतो. आणि आवळताना हातानेच आवळायचा, पाना लावून जोर केला की आटा गेला.

रानवारा | शनिवार, रात्री ८.१५

इतकं कशाला, स्टेनलेस स्टील ३०४ चा घ्या. ना क्रोम ना पापुद्रा, आयुष्यभर टिकतो. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४.

टर्नर_अंबड | शनिवार, रात्री ९.००

३०४ चांगलंच आहे. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, गंज लवकर धरत नाही. चुंबकाचं मात्र मी वर म्हटलं तसंच. २०२ नावाचं स्वस्त स्टील येतं, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. त्यालाही चुंबक जवळपास चिकटत नाही. भंगारवाले रसायनाचा थेंब टाकून फरक ओळखतात, आपण दुकानात तसं करू शकत नाही. त्यामुळे स्टीलचा नळ घ्यायचा तर ग्रेड नळाच्या बॉडीवर कोरलेला किंवा बिलावर लिहिलेला हवा. सहाशेला '३०४' म्हणून उंच मानेचा नळ कोणी देत असेल तर मला तरी शंका येईल. आणि आतला काडतुसाचा भाग, म्हणजे स्पिंडल, स्टीलच्या नळातही तोच असतो, गळती तिथूनच होते.

रानवारा | शनिवार, रात्री ९.२०

बरोबर. माझ्या बिलावर ग्रेड लिहिलेला नाही हे आत्ता बघितलं. पुढच्या वेळी मागून घेईन.

पाणीपट्टी | रविवार, सकाळी ८.३०

कळशीताई, धातू ठरवण्याआधी तुमच्या घराचा दाब बघा. तुम्ही लिहिलंत की वर थेट गच्ची आणि तिथेच टाकी. नळापासून गच्चीचा स्लॅब सुमारे दोन मीटर, टाकीचा कट्टा दीड मीटर धरला तर पाण्याची उंची झाली साडेतीन मीटर. दहा मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो, म्हणजे तुमच्या नळाला जेमतेम पाव ते अर्धा किलो. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना याच्या तीन-चार पट मिळत असेल.

हे इतक्या बारकाईने सांगतोय कारण माझी इथेच चूक झाली. आमचाही सर्वांत वरचा मजला. मी गरम-गार एकाच दांडीने होणारा, ओढून लांब करता येणारा सुंदर मिक्सर आणला. त्याच्या बारीक नळ्यांतून आणि दाट जाळीतून एवढ्या कमी दाबाला पाणी येईना. तांदूळ धुवायला पातेलं भरायचं तर उभं राहावं लागे. शेवटी काढून भावाला दिला, त्याच्याकडे प्रेशर पंप आहे, तिथे झकास चालतो.

तुम्ही पाच लिटरचा कॅन घ्या आणि आताच्या नळाखाली किती सेकंदांत भरतो ते बघा. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला साडेसात लिटर झालं, भांड्यांना पुरेसं. ६० च्या पुढे गेलात तर मोठ्या भोकाचा साधा सिंक कॉक (सिंकवरचा एकाच पाण्याचा नळ) घ्या, मिक्सरच्या वाटेला जाऊ नका.

फोम फ्लो म्हणजे तोंडाशी जाळी असते, ती पाण्यात हवा मिसळते. पाणी मऊ पडतं, शिंतोडे उडत नाहीत आणि पाणीही कमी लागतं. पण हवा ओढायला दाब लागतो. कमी दाबावर जाळीतून नुसती धार येते आणि तीही बारीक. जाळी आट्याने काढता येणारी हवी म्हणजे नको वाटली तर काढून ठेवता येते.

कळशी | रविवार, सकाळी ९.०५

आत्ताच मोजलं. ४४ सेकंद. जाळी काढून ३१. तुमचं गणित अगदी बरोबर आलं. मिक्सरचा विचार मनात होता, तो सोडला.

गोदाकाठची | रविवार, सकाळी ११.१५

सिंकच्या नळाचंच पाणी पिण्याला भरत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. पितळ लेथवर नीट कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात. वाहत्या पाण्यात ते नगण्य उतरतं, पण रात्रभर नळात साचून राहिलेल्या पाण्यात जास्त उतरू शकतं, नवीन नळात तर आणखी. म्हणून सकाळी पहिली दहा-पंधरा सेकंद पाणी बादलीत सोडा, ते कुंड्यांना घाला आणि मग माठ भरा. लहान बाळाच्या दुधाला तर सकाळचं पहिलं पाणी वापरूच नका. उकळून शिसं जात नाही. भीती घालायची नाही, आमच्या घरीही पितळीच नळ आहे. सवय मात्र लावून घेतलीय.

टर्नर_अंबड | रविवार, सकाळी ११.४०

ताई म्हणतात ते खरं आहे. आम्ही जो सळईचा माल कापतो त्यात दोन ते साडेतीन टक्के शिसं असतं.

पंचवटी_माई | रविवार, दुपारी ३.३०

पोरांनो, मी पंचवटीत मुलांसाठी खानावळ चालवते. रोज चाळीस-पंचेचाळीस ताटं. माझा नळ दिवसातून किती वेळा उघडतो-मिटतो त्याला मोजदाद नाही. घरच्या नळाचं दहा वर्षांचं काम माझ्याकडे दोन वर्षांत होत असेल. त्यामुळे कुठला नळ कधी दगा देतो हे मला सोसूनच कळलंय.

माझ्या मते टिकाऊ नळ म्हणजे ज्याचा आतला भाग उद्या सकाळी नाशकात मिळतो तो. नळ कितीही महागाचा असला तरी आतला स्पिंडल झिजणारच. तो मिळाला तर दीडशे-दोनशे रुपये आणि अर्धा तास. नाही मिळाला तर अख्खा नळ फेका, भिंत उकरा आणि दोन दिवस पाणी बादलीने वाहा. मी हे तीनदा भोगलंय. एकदा ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून मुलाने परदेशी नावाचा नळ मागवला होता. दिसायला देखणा. दीड वर्षात गळला आणि त्याच्या दांड्याच्या टोकावरच्या खाचा इथल्या एकाही स्पिंडलला जुळेनात. सगळ्या दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या.

तेव्हापासून मी काय करते सांगते. रविवार कारंजाच्या बाजूला माझा नेहमीचा दुकानदार आहे. नळ हातात घेतला की त्याला आधी म्हणते, "भाऊ, याचा स्पिंडल दाखव." त्याने खणातून काढून समोर ठेवला तरच नळ घेते. 'मागवून देऊ', 'कंपनीला फोन करा' म्हणाला तर नाही घेत. आणि नळासोबतच एक स्पिंडल जास्तीचा घेऊन मसाल्याच्या कपाटात ठेवते. आजवर दोनदा रात्री नऊ वाजता नळ बिघडला आणि दोनदा माझ्या मुलाने तिथल्या तिथे बदलला.

बोटं दुखणाऱ्या बाईसाठी पाव फेऱ्याचाच नळ घ्यावा. आवळावा लागत नाही, दांडी सरळ आडवी केली की बंद. त्यात रबरी वॉशर नसतो, दोन गुळगुळीत चिनी मातीच्या चकत्या एकमेकींवर सरकतात. तिला मात्र सांगून ठेव बाळ, की बंद झाल्यावर आणखी जोर लावायचा नाही. जुन्या नळाची सवय हाताला असते. आमच्या भांडीवाल्या मावशींनी पहिला असाच आवळून आवळून घालवला. आणि दांडी लांब घे, गोल मूठ नको. साबणाच्या हाताने गोल मूठ निसटते.

जुनी_वीट | रविवार, संध्या. ५.१०

माई, तुमचं वाचून आमच्या हिने लगेच एक स्पिंडल आणायला सांगितलाय.

त्या चिनी मातीच्या चकत्यांबद्दल थोडं. त्यांचा शत्रू वाळू आहे. टाकी धुतल्यावर किंवा महापालिकेने लाइन दुरुस्त केल्यावर पहिलं गढूळ पाणी या नळातून सोडू नका. मोरीतला साधा नळ आधी उघडा, पाणी निवळलं की मगच स्वयंपाकघरातला.

सातपूरकर | रविवार, रात्री ९.५०

वडील प्लंबर होते, मी त्यांच्यासोबत बारा वर्षं काम केलं. आता दुसरा व्यवसाय आहे, पण हात अजून बसलेला आहे. नळ कुठला घ्यायचा यावर वर चांगलं लिहिलंय. मी बसवण्याचं लिहितो, कारण चांगला नळही वाईट बसवला की बिघडतो.

२००३ ची इमारत म्हणजे भिंतीत बहुतेक जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप असणार, आणि नळाच्या मागे भिंतीत एक छोटा निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला जोडतुकडा. वीस-बावीस वर्षांत तो आतून गंजून कागदासारखा होतो. जुना नळ पाना लावून जोरात फिरवला की नळासोबत निपल पिळून तुटतो आणि अर्धा तुकडा भिंतीत राहतो. मग टाइल फोडावी लागते. हजाराचं काम पाच हजारांवर जातं आणि त्या जुन्या रंगाची टाइल परत मिळत नाही. तुमचे दोन नळ बदलून झालेत म्हणजे निपल आधीच दोनदा पिळला गेलाय. म्हणून आदल्या रात्री जोडावर गंज सोडवणारा फवारा मारून ठेवा. सकाळी एका पान्याने निपल किंवा बाहेर आलेला जोड धरून दुसऱ्याने नळ हळूहळू सोडवा. थोडं उलट, थोडं सुलट. घाई करणाऱ्या प्लंबरला थांबवायचा हक्क तुम्हाला आहे.

नळ काढल्यावर नवीन लगेच लावू नका. खाली बादली धरून वरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडा आणि पाइपातला गंज, वाळू वाहून जाऊ द्या. हे न केल्याने नव्या नळाच्या चकत्यांवर पहिल्याच दिवशी चरा पडतो आणि मग दोष नळाला जातो.

टेफ्लॉनची टेप आटा ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळायची, दहा-बारा वेढे, ओढून. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होते. जुने लोक सुतळी आणि सफेदा लावत, तेही जीआयला छान बसतं, पण पुढच्या वेळी सोडवताना जीव काढतं. पाइप सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) असेल तर पितळी आटा आतून बसवलेला कोपराच वापरा. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात पितळी नळ आवळला की तो चिरतो.

मुख्य म्हणजे सिंकखाली किंवा ओट्याच्या बाजूला त्या लाइनवर एक छोटा बॉल व्हॉल्व्ह टाकून घ्या, जागा मिळाली तर. पुढच्या वेळी स्पिंडल बदलायला अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करायला नको.

अवनी_कॉलेजरोड | सोमवार, सकाळी ७.५५

मापाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. नळाचं तोंड सिंकच्या मधोमध आलं पाहिजे. भिंतीपासून सिंकच्या जाळीपर्यंतचं अंतर टेपने मोजून जा. आमचा आखूड पडला, पाणी मागच्या काठावर पडून भिंत ओली राहायची आणि शेवटी ओट्यामागे बुरशी आली. उंचीही बघा. तुमचं सर्वांत उंच भांडं सिंकमध्ये ठेवून तोंडाखाली मावतं का ते पाहा. फार उंच घेतला तर पाणी वरून आपटून अंगावर उडतं.

विहीरपाणी | सोमवार, सकाळी ८.२०

आणि क्षार काढायला संडासाचं ॲसिड कधीही वापरू नका. शेजाऱ्यांनी केलं, एका दिवसात क्रोम काळं पडलं. लिंबाची फोड किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूफूल लावा, अर्ध्या तासाने धुवा. जाळी काढून वाटीत भिजत ठेवली की भोकं मोकळी होतात.

रानवारा | सोमवार, सकाळी ९.००

कंपन्यांची नावं कोणी सांगेल का? दुकानात गेलं की तो दुकानदार ज्यात नफा जास्त तेच पुढे करतो.

पाणीपट्टी | सोमवार, सकाळी ९.३५

जॅग्वार, तिचाच एस्को हा कमी किमतीतला ब्रँड, सेरा, हिंदवेअर, पॅरीवेअर यांचे सिंक कॉक आपल्याकडे सहज मिळतात. पीटीएमटीत वॉटरटेक आहे. वॉरंटी मॉडेलप्रमाणे बदलते, तेव्हा पेटीतलं कार्ड दुकानातच वाचा आणि बिल पक्कं घ्या. कच्च्या पावतीवर कोणी दाद देत नाही.

पितळी नळावर आयएसआय चिन्ह असेल तर वर आयएस ८९३१ असा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. जुन्या पद्धतीच्या, वॉशरच्या नळाला आयएस ७८१. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की तो खरा आहे का आणि कोणाचा आहे ते दिसतं. मी दुकानात उभा राहून दोन नळांचे तपासले. एकाचा परवाना भलत्याच वस्तूचा निघाला. दुकानदारालाही ठाऊक नव्हतं, त्याने तो माल परत पाठवला.

कळशी | पुढचा रविवार, संध्या. ७.१५

मंडळी, नळ बसला. उशीर झाला कारण सगळं सांगितल्याप्रमाणे करायचं ठरवलं होतं.

आईला सोबत घेऊन गेले. तिला दुकानात पाच नळांच्या दांड्या फिरवायला लावल्या. मला आवडलेला तिने नाकारला. तो दिसायला छान होता, पण दांडी आखूड होती. तिने निवडला तो पितळी, पाव फेऱ्याचा, करंगळीएवढ्या लांब दांडीचा. ती कोपराच्या वरच्या बाजूनेही बंद करू शकते. हातात जड लागला, टॉर्च मारल्यावर आत पिवळा. वरच्या यादीतल्याच एका कंपनीचा आहे, १,३५० रुपये. माईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "भाऊ, याचा स्पिंडल दाखव." पहिल्या दुकानात नव्हता. दुसऱ्यात दोन प्रकारचे समोर ठेवले. एक जास्तीचा घेतला, १८० रुपये.

बसवताना सातपूरकरदादांचं म्हणणं पटवायला जरा वेळ लागला. प्लंबर म्हणाला, "ताई, मी रोज करतो हे." मी म्हटलं, रोज करता म्हणूनच सांगते, माझी टाइल परत मिळणार नाही. आदल्या रात्री फवारा मारून ठेवला होता. दोन पान्यांनी वीस मिनिटं लागली, पण निपल अख्खा बाहेर आला. बघितला तर एका बाजूने इतका खाल्लेला की नखाने पोपडा निघत होता. तो बदलून पितळी निपल टाकला. पाइप धुतला तेव्हा पहिली अर्धी बादली चहाच्या रंगाची आली. ती सगळी नव्या नळातून गेली असती. बॉल व्हॉल्व्हला मात्र जागा मिळाली नाही, त्यासाठी ओटा फोडावा लागला असता.

निपल, टेप आणि मजुरी धरून आणखी ६५० झाले. एकूण २,१८०. ठरवल्यापेक्षा १८० वर गेलं, ते त्या जास्तीच्या स्पिंडलचे.

जाळी लावून पाच लिटरला ३८ सेकंद लागतात. जाळी ठेवलीय, शिंतोडे थांबले. काल रात्री पुन्हा पातेलं ठेवलं होतं. सकाळी कोरडं होतं.

पंचवटी_माई | रविवार, रात्री ८.४०

शाब्बास. आई रात्री उठली का?

कळशी | रविवार, रात्री ८.५५

पहिल्या रात्री उठली, सवयीने. सिंकपाशी जाऊन उभी राहिली, थेंबाचा आवाज नाही म्हटल्यावर परत आली. काल उठली नाही.

सातपूरकर | रविवार, रात्री ९.३०

तो खाल्लेला निपल प्लंबरला आणि शेजाऱ्यांना दाखवा. तुमच्या इमारतीत सगळ्यांच्या भिंतीत तसाच असणार. गच्चीतल्या मुख्य लाइनचे जोडही एकदा सोसायटीच्या बैठकीत काढा.

जुनी_वीट | रविवार, रात्री १०.१०

आणि तो माळ्यावरचा मूळ नळ?

कळशी | सोमवार, सकाळी ७.३०

सापडला. आईने वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोऱ्याने बांधून ठेवला होता. टॉर्च मारला, पिवळाधमक आहे. मोडीला भांडी बाजारात न्यायचा विचार होता, पण स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत कपडे धुवायचा नळ प्लास्टिकचा आहे आणि तोही हलतो. वॉशर बदलून हाच तिथे लावता येईल का? फोटो टाकते. आटा अर्ध्या इंचाचाच दिसतोय.

जुनी_वीट | सोमवार, सकाळी ७.५०

टाका फोटो. सीट बघू दे, खड्डा नसेल तर दहा रुपयांच्या वॉशरवर काम होईल. खड्डा असेल तर आणा माझ्याकडे, सीट घासायचं हत्यार आहे माझ्याजवळ.